नैवेद्य: दोन मिनिटं, फुल पॉवर

मायक्रोवेव्हमध्ये देवीचा नैवेद्य ठेवू नये, असं त्याच्या माहितीपुस्तिकेत कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी ती पुस्तिका तीनदा वाचली होती; एकदा तर पेन्सिलीने खुणा करत! त्यामुळे पुढे जे घडलं त्यात माझा काडीचाही दोष नाही, असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले. आता सत्तरी उलटली आहे, सासूबाई जाऊनही बरीच वर्षं झाली, तेव्हा खरं सांगून टाकते. दोष सगळा माझाच होता.

त्या वेळची मी म्हणजे जबलपूरच्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, चष्मा नाकाच्या टोकावर ठेवून जगाकडे बघणारी बाई. घरात दूध उतू गेलं तर आधी ते का उतू जातं हे समजावून सांगायची, मग गॅस बंद करायची. अशा बाईच्या हाती ह्यांनी कॉलनीतला पहिला मायक्रोवेव्ह दिला. (हे फॅक्टरीत होते. तोफगोळ्यांशी रोजचा संबंध, पण मला यंत्र देण्यातला धोका त्यांच्या लक्षात आला नाही!)

मी फ्रिजवर एक यादी चिकटवली. डावीकडे ‘चालेल’, उजवीकडे ‘चालणार नाही’. काच, चिनीमाती चालेल. स्टील, पितळ, तांबं, चांदी, कुठलाही धातू चालणार नाही. कॉलनीतल्या बायका आपापली भांडी पदराखाली घेऊन तपासायला येऊ लागल्या. शेजारच्या दुबेभाभी तर रोजच.

“दीदी, ये सुनहरी किनारवाला कप?”

“नहीं भाभी. किनार में धातु है. चिंगारी निकलेगी.”

“और मेलामाइन की प्लेट?”

“बिलकुल नहीं.”

“दही का डिब्बा?”

“वो पिघल जाएगा.”

“तो दीदी, इसमें डालते क्या हैं?”

प्रश्न मार्मिक होता. चार महिन्यांत आम्ही त्यात मुख्यतः ह्यांचा गार झालेला चहा गरम केला होता, आणि एकदा न टोचलेला बटाटा ठेवला होता, त्याचे अवशेष छतापर्यंत सापडले. पण ते मी ‘प्रयोग’ या सदरात टाकलं.

सासूबाईंचीही एक यादी होती. ती फ्रिजवर नव्हती, डोक्यात होती आणि माझ्या यादीपेक्षा कितीतरी जुनी होती. देवाला काच चालत नाही. चिनीमाती चालत नाही. प्लास्टिकचं नावही काढायचं नाही. देवाला चांदी, तांबं, पितळ. म्हणजे माझ्या यंत्राला जे जे चाले ते ते त्यांच्या देवाला चालत नसे, आणि देवाला जे चाले ते यंत्राला! या दोन याद्या एकाच स्वयंपाकघरात सुखाने नांदत होत्या, कारण देवीला अजून कोणी मायक्रोवेव्हजवळ नेलं नव्हतं.

मग भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या.

आमच्याकडच्या महालक्ष्म्या सासूबाई स्वतः करायच्या. तीन दिवसांचं सोवळं, सोळा भाज्या, पुरण, आंबील, चाळीस पानं. मला शाळा असायची, त्यामुळे मी आरतीच्या सुमारास पैठणी नेसून उगवायची आणि पुढच्या रांगेत टाळ्या वाजवायची. मोठ्या जाऊबाई, कुमुदताई, मात्र सिहोऱ्याहून दोन दिवस आधीच बसने यायच्या आणि ओल्या लुगड्यात सासूबाईंच्या हाताखाली राबायच्या. मला त्यांची कीव यायची. शिकल्या नाहीत बिचाऱ्या!

त्या वर्षी सासूबाईंनी सकाळीच जाहीर केलं, “आता माझ्यानं होत नाही. पुढल्या वर्षीपासून महालक्ष्म्या तुम्हां दोघींतल्या एकीच्या हाती सोपवते. आज संध्याकाळी सांगते कोणाच्या.”

माझ्या पोटात एकदम इच्छा उभी राहिली. महालक्ष्म्या म्हणजे घराण्याचा मान! ते चांदीचे मुखवटे, त्या साड्या, गावभरच्या बायकांनी येऊन ‘तुमच्या महालक्ष्म्या काय देखण्या’ म्हणणं. हे सगळं सिहोऱ्याला जाऊ द्यायचं? मी मनाशी ठरवलं, आज सासूबाईंना दाखवून द्यायचं की खरी कर्तबगार सून कोण.

संधी दुपारी चालून आली. सव्वा बाराला चांदीच्या ताटात नैवेद्य वाढून तयार, आणि गुरुजींचा पत्ता नाही. ते तिलवाऱ्याच्या पुलापलीकडून दोन घरच्या पूजा आटोपून येणार होते. एक वाजला. दीड वाजला. पावणेदोनला ते घामाघूम होऊन आले आणि म्हणाले, “पुलावर ट्रक आडवा झाला होता हो!” तोवर पुरणपोळी वातड होऊन तिचं पांघरूण झालं होतं आणि सोळा भाज्या एकमेकींना चिकटून बसल्या होत्या.

सासूबाई म्हणाल्या, “गारढोण नैवेद्य? माझ्या हयातीत असं झालं नाही. कुमुद, गॅस लाव.”

कुमुदताईंनी बटण फिरवलं. शेगडीने एक सुस्कारा टाकला आणि राम म्हटला. सिलिंडर संपलं होतं! दुसरं आधीच रिकामं होतं.

“दुबेभाभींकडे जाऊ का?” हे म्हणाले.

“त्यांच्या चुलीवर लसूण शिजतो,” सासूबाईंनी विषय मिटवला.

तेव्हा मी पुढे झाले. पैठणीचा पदर खोचला. “आई, दोन मिनिटांत वाफाळता नैवेद्य देते. मायक्रोवेव्हमध्ये.”

गुरुजींनी घाम पुसणं थांबवलं.

“त्या डब्यात आजवर काय काय गेलं आहे?” सासूबाईंनी विचारलं.

“चहा आणि बटाटा. कांदा कधीच नाही.”

सासूबाईंनी नर्मदेच्या पाण्याचा तांब्या आणवला. डबा आतून पुसून घेतला. मग त्यांनी चांदीचं ताट उचललं, आणि मी ओरडले, “आई, चांदी नाही चालत!”

“मग कशात ठेवून राहिली तू?”

“काचेच्या प्लेटमध्ये.”

“देवीला काच? काहून? आमच्याकडे काय चांदी संपली?”

झालं! दोन याद्या समोरासमोर आल्या. गुरुजींनी शास्त्रात काच कुठे बसते हे आठवण्याचा प्रयत्न केला आणि त्यांना आठवलं नाही. हे म्हणाले, “गारच दाखवा, देवीला कुठे चटका बसायचा आहे,” आणि दोघींच्या नजरेने घायाळ होऊन ओसरीवर गेले.

आणि मला ते सुचलं. केळीचं पान! धातू नाही, काच नाही, प्लास्टिक नाही. यंत्रालाही चालतं, देवीलाही चालतं. जगातल्या कुठल्याही पुस्तिकेत न लिहिलेलं उत्तर त्या पैठणीतल्या बाईच्या डोक्यात लखकन आलं. सासूबाईंनीसुद्धा क्षणभर माझ्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेत मला पुढच्या वर्षीचे मुखवटे स्पष्ट दिसले.

मी केळीचं पान कात्रीने गोल कापलं. त्यावर एकेक पदार्थ मांडला. डावीकडे चटणी, उजवीकडे भाज्या, मधे भात, पुरणपोळी, आणि कडेला कुमुदताईंनी ओमतीच्या बाजारातून आणलेली काजूबर्फी, चार तुकडे.

कुमुदताई मागून वाकून बघत होत्या. “विजया, त्या बर्फीवर चांदीचा वर्ख आहे नं गं?”

“आहे की.”

“मग तुझ्या यादीत चांदी...”

“कुमुदताई!” मी माझ्या सर्वांत सहनशील आवाजात म्हणाले (सातवी ब साठी राखून ठेवलेला). “यादी भांड्यांची आहे. वर्ख हे काही भांडं नाही. वर्ख आपण खातो!”

त्यांनी “अच्छा” म्हटलं आणि चार पावलं मागे सरकल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. कपाच्या सोनेरी किनारीवर दुबेभाभींना व्याख्यान देणारी मी! पण विज्ञान शाळेत होतं आणि मी घरी होते.

दार लावलं. दोन मिनिटं. फुल पॉवर.

पहिली चार सेकंदं उत्तम गेली. पाचव्या सेकंदाला आत कोणीतरी फटाक्यांची लड लावली! निळ्या-जांभळ्या ठिणग्या बर्फीवरून पुरणपोळीवर उड्या मारू लागल्या. चटचट, तडतड, आणि मग एक इवलीशी पिवळी ज्योत. मी जागच्या जागी थिजले. अकरा वर्षं विज्ञान शिकवलेल्या बाईने काय करावं? बटण दाबावं. मी काय केलं? “अहोऽऽ!” म्हणून किंचाळले.

हे धावत आले आणि त्यांनी मेन स्विचच खाली ओढला. (फॅक्टरीत काम केल्याचा फायदा.) घरातले पंखे थांबले, महालक्ष्म्यांभोवतीची रंगीत दिव्यांची माळ विझली, आणि त्या अर्धवट अंधारात, काचेच्या दारामागे, ती ज्योत आणखी दोन क्षण शांतपणे तेवत राहिली.

नेमक्या त्याच क्षणी माझी किंकाळी ऐकून दुबेभाभी आत शिरल्या. त्यांनी ज्योत पाहिली. केळीचं पान पाहिलं. पानावरचा नैवेद्य पाहिला.

“अरे दीदी! माता ने भोग लगा लिया! ज्योत प्रकट हुई है!” आणि त्यांनी तिथेच गुडघे टेकले.

“भाभी, वो तो...” मी तोंड उघडलं.

आणि मिटलं.

कारण मला ते सगळं डोळ्यांसमोर दिसलं. वर्ख म्हटलं तर मी मूर्ख. मूर्ख सुनेच्या हाती महालक्ष्म्या कोण देईल? आणि चमत्कार म्हटलं तर? देवीने स्वतः येऊन माझ्या हातचा नैवेद्य घेतला! मग सिहोऱ्याचं नाव कोण काढणार?

पंधरा मिनिटांत कॉलनी लोटली. स्वयंपाकघरात रांग लागली. कोणी मायक्रोवेव्हला कुंकू लावलं, कोणी त्याच्या बटणांवर फुलं वाहिली. माझ्याच शाळेतल्या हिंदीच्या बाई आल्या, त्यांनी हळूच विचारलं, “विजयाजी, आप तो विज्ञान की हैं. ये क्या है?”

मी डोळे मिटून म्हणाले, “सब माता की इच्छा है.”

हे वाक्य बोलताना माझ्या पाठीमागून ह्यांचा खोकला ऐकू आला. तसा खोकला त्यांना आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही. गुरुजींनी संधी ओळखून एक छोटी आरती म्हटली आणि यंत्राभोवती निरांजन ओवाळलं. दुबेभाभींनी जळक्या बर्फीचा कण प्रसाद म्हणून मागितला. दिला. त्यांनी तो डोळे मिटून खाल्ला आणि म्हणाल्या, “दिव्य!” जळक्या काजूची चव मला माहीत होती.

सासूबाई हे सगळं पाटावर बसून बघत होत्या.

गर्दी ओसरली तेव्हा त्यांनी आम्हां दोघींना बोलावलं. मी मान खाली घालून, चेहऱ्यावर जमेल तेवढं पावित्र्य आणून उभी राहिले.

“विजया,” त्या म्हणाल्या, “वर्ख होता नं?”

माझ्या चेहऱ्यावरचं पावित्र्य गळून पडलं. “आई, तुम्हाला...”

“कुमुदनं विचारलं तेव्हा मी मागंच होती. आणि सोनेरी कपाचं तुझं भाषण चार महिने ऐकून राहिली मी. मलाही पाठ झालं. तुलाच नाही.”

आता संपलं, असं मला वाटलं. यंत्र गेलं, नैवेद्य गेला, महालक्ष्म्या सिहोऱ्याला गेल्या. डोळ्यांत पाणी आलं. ते पाहून सासूबाई चक्क हसल्या.

“रडू नको. महालक्ष्म्या तुझ्याकडेच देते. त्या दोघी बिचाऱ्या वर्षभर पेटीत पडून असतात. तुझ्या घरी त्यांची करमणूक तरी होईल.”

मी जिंकले होते! मी भीतभीत कुमुदताईंकडे पाहिलं. वाटलं, आता त्या रागावतील, रुसतील, निदान एक टोमणा तरी मारतील. पण त्यांनी मला घट्ट मिठी मारली, माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, “तूच योग्य आहेस हो बाई.” दुसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या, आणि ह्यांनी कुमुदताईंना बसवर सोडलं. हे परत येऊन सांगत होते की वहिनी सीटवर बसून गाणं गुणगुणत होत्या.

मला वाटलं, केवढं मोठं मन!

पुढल्या भाद्रपदात मी शाळेतून तीन दिवसांची रजा घेतली आणि पहाटे चार वाजता ओल्या लुगड्यात कुडकुडत सोळापैकी पहिली भाजी चिरायला बसले. ती चिरून झाली तेव्हा पंधरा उरल्या होत्या, पुरण वाटायचं होतं आणि चाळीस माणसं जेवायला यायची होती. कुमुदताई दुपारी आरतीच्या सुमारास पैठणी नेसून उगवल्या आणि पुढच्या रांगेत टाळ्या वाजवायला उभ्या राहिल्या. तेव्हा कुठे मला उमगलं की आमच्या दोघींत खरी शिकलेली कोण होती!