हिराबायची होळीची हाक

होळीच्या दिवशी सगळं गावच बोंबा मारतं. त्यात एका बाईच्या हाकेचं कौतुक ते काय? पण हिराबायची हाक ऐकायला डहाणूच्या खाडीकाठच्या वाडीत माणसं सकाळपासून ओट्यावर येऊन बसत. चिखल्याहून किनाऱ्याकिनाऱ्याने ती चालत यायची, डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी. वाटेत कुणी मागितले तरी एक बोंबील द्यायची नाही. वाडीतल्या एका ठरावीक दारासमोर उभी राहायची, डोळे मिटायची आणि हाक घालायची, "घ्याऽऽ गो सुकं बोंबीऽऽल!" एकच हाक, एकाच श्वासात, लांबच लांब. संपली की पाठ फिरवून चिखल्याला परत.

ते दार तिच्या नवऱ्याचं होतं.

हिराबायला लहानपणापासून दमा. लग्नाला चार वर्षं झाली आणि तिच्या नवऱ्याने, लक्ष्मणने, दुसरी बायको आणायचं ठरवलं. पंच बसले. पहिलीचं काय करणार, असं त्यांनी विचारलं. लक्ष्मण म्हणाला, "तिचं काय विचारता? ती काय येती होळी बघत नाय." पंचांनी माना डोलावल्या आणि चहा प्यायला. हिराबाय दाराआड भिंत धरून उभी होती.

"आणि तू गप्प बसलीस?" मी एकदा रागाने विचारलं होतं.

"बोलायला छातीत वारा नको? त्याला ते ठाऊक होतं, म्हणून तर बोलला."

भावाने तिला चिखल्याला माहेरी आणलं. ती होळी तिने बघितली. नुसती बघितली नाही, धापा टाकत त्याच्या दारापर्यंत चालत गेली. पहिल्या वर्षीची हाक म्हणे "घ्या गो" इथपर्यंतच पोचली आणि ती तिथेच मटकन खाली बसली. वाडी हसली. लक्ष्मण सगळ्यात मोठ्याने हसला. त्या हसण्यानंतर हिराबायला योगाचा गुरू सापडला.

गुरू म्हणजे घोलवडचे एक निवृत्त पोस्टमास्तर. गुजराती माणूस, मासळीचं नावही घरात चालायचं नाही. घोलवडला बोंबील विकायच्या फेरीत हिराबायला दम लागला की ती त्यांच्या अंगणाच्या कडेला टेकायची. काका नाकाला उपरणं लावून ओट्यावरूनच ओरडायचे, "अरे बेन, आत घ्यायची घाई कशाला? पहिला बाहेर काढ नी! भरलेल्या घड्यात पाणी कसं भरणार?" तीन वर्षं त्यांनी तिला ओट्यावरून शिकवलं आणि ती अंगणाच्या कोपऱ्यात बसून शिकली. गुरुदक्षिणा एकच. वाऱ्याची दिशा बघून बसायचं, म्हणजे पाटीचा वास काकांकडे जायला नको.

माझे वडील चिखल्याच्या शाळेत मास्तर. मी तेव्हा अठरा वर्षांची, दोन वेण्या आणि एक दमा बाळगून होते. आज ऐंशी ओलांडल्यावर त्या मुलीकडे बघते तेव्हा वाटतं, तिला दम्यापेक्षा स्वतःच्या दुःखाचं कौतुक जास्त होतं. बोर्डीचं एक स्थळ मला बघायला आलं. मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले आणि छातीतून अशी शीळ निघाली की मुलाच्या आईने मागे वळून बघितलं, बाहेर गाडी आली की काय. दुसऱ्या दिवशी नकार. मी आठ दिवस भिंतीकडे तोंड करून पडले. नवव्या दिवशी आईने हाताला धरून हिराबायपुढे नेऊन बसवलं.

हिराबाय पहाटे सुरूच्या बनात, कोरड्या वाळूवर गोणपाट टाकून बसायची. पलीकडे बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत असायचे. मी भक्तिभावाने विचारलं, योगाने दमा जातो का? ती म्हणाली, "दमा जातो कुठं? तो घरजावई हाय. त्याला कोपऱ्यात बसवायला शिकायचं."

कोपऱ्यातला घरजावई कधीकधी उठायचाही. पावसाळ्यात ती आठ-आठ दिवस भिंतीला उशी लावून बसून काढायची. ओठ काळेनिळे. तेव्हाही पुटपुटणं चालूच, "बाहेर... आधी बाहेर..." बरं वाटलं की पुन्हा गोणपाट. भुजंगासनाला ती साप म्हणायची. मत्स्यासनावर मात्र तिचा राग होता. "हा मासा? शेणाने सारवलेल्या ओट्यावर जन्म गेला त्या पोस्टमास्तराचा, त्याने मासा बघितलाय कधी? मेलेला मासासुद्धा असा पडत नाय!" म्हणायची आणि रोज करायची.

श्वास सोडताना ती भुंग्यासारखी गुणगुणायची आणि मी बोटांवर मोजायचे. सगळं वर्षभर हे मोजणं एका हाकेसाठी. मी तिच्याकडे गेले त्या वर्षी हाक बावीस मोजेपर्यंत टिकत होती. "श्वास सोडताना मनात काय आणायचं?" मी विचारलं. मला ओंकार, समुद्र, असलं काहीतरी अपेक्षित होतं.

"लक्षमनाचं थोबाड," ती म्हणाली.

मला हे फार आवडलं. मीही बोर्डीच्या मुलाचं थोबाड मनात आणून गुणगुणू लागले. वर्षभराने सतरापर्यंत पोचले तेव्हा मला वाटलं, आपण तयार झालो. त्याचं लग्न झालेलं होतं. होळीच्या आदल्या दिवशी मी कुणालाही न सांगता बोर्डीला त्याच्या दारात गेले. दीर्घ श्वासात सांगायचं वाक्य पाठ होतं. तोंड उघडलं आणि जी खोकल्याची उबळ आली ती थांबेना. त्याच्या आईने पाठीवरून हात फिरवला, पाणी दिलं, बागेतले चार चिकू पदरात घातले. "कुणाची गं तू?" म्हणाली. तिला मी आठवतही नव्हते.

हिराबायने सगळं ऐकून घेतलं. "आणि चिकू?"

"खाल्ले वाटेत."

"अगो बिया तरी त्यांच्या दारात थुंकायच्या होत्यास!"

मग आली ती होळी. आम्ही वाडीत पोचलो तर लक्ष्मण अंगणात बाजेवर बसलेला. विड्या ओढून ओढून छातीचं खोकं झालेलं. गुडघ्यांवर हात टेकून, खांदे वर ओढून बसला होता. दम्याच्या माणसाला ती बैठक ओळखायला डॉक्टर लागत नाही. मला वाटलं, आता ही विरघळणार. हिराबायने डोळे मिटले आणि हाक घातली. मी एकतीस मोजले. ओट्यावरचं एक म्हातारं चक्क उभं राहिलं.

ती वळली तेवढ्यात लक्ष्मण म्हणाला, "हिरे... मला... शिकव."

ती थांबली. "शिकवीन. पण पंचांसमोर माझ्याबद्दल बोललास ते पंचांसमोर मागं घे. हिरा होळी बघते, मी खोटा बोललो, एवढं बोल."

"बोलतो. हिरा... हो..."

"तसं तुकड्यांत नाय. त्या दिवशी एका श्वासात बोललेलास. तसंच पाहिजे."

त्याच्याने होईना. तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा "होळी"पाशी श्वास संपला. त्याची दुसरी बायको दारात पदर तोंडाला लावून उभी. मी कुजबुजले, "हिराबाय, जाऊ दे ना गं." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे आठ दिवस कुजबुजले नाही.

पुढचे आठ दिवस ती रोज चालत तिथे गेली. त्याच्या समोर, हातभर अंतरावर बसली. "बाहेर काढ. आधी बाहेर. घाई नको करूस, लक्षमना." त्याची पाठ वाकू नये म्हणून तिने स्वतः उशी सरकवली. वाडीतल्या बायका डोळे पुसू लागल्या, बघा, शेवटी नवराच तो! मीही पुसले. मठ्ठच होते मी.

नवव्या दिवशी पाच पंच आले. त्यांतल्या दोघांना हाताला धरून आणावं लागलं. लक्ष्मण ताठ बसला, भरपूर श्वास सोडला, मग घेतला आणि बोलला, "हिरा होळी बघते, दरसाल बघते, मी खोटा बोललो." एका श्वासात. घामाने भिजला होता, पण चेहरा उजळलेला. त्याला वाटलं, आता आपण बरे होणार. "उद्या कवा येशील?" त्याने विचारलं.

हिराबाय उठली, वाळू झटकली. "उद्या कशाला?"

"पुढचं शिकवायला."

"वाक्य तेवढंच होतं," ती म्हणाली आणि पाटी उचलली.

वाटभर मी रडत होते, ही केवढी कठोर, तो मरेल ना, वगैरे. पोस्टमास्तर काका अजून ओट्यावर बसतात, हवं तर त्याने वाऱ्याची दिशा बघून तिथे जावं, असं ती म्हणाली. तो गेला नाही. त्या पावसाळ्यात लक्ष्मण वारला. हिराबाय त्यानंतर वीस-बावीस होळ्या जगली. पाचही पंच तिच्या आधी गेले. दमा शेवटपर्यंत तिच्याबरोबर होता, कोपऱ्यात. मी आजही पहाटे उठून आधी बाहेर सोडते, मग आत घेते. नातवंडांना वाटतं, आजी मनात देवाचं नाव घेते. वाटू दे.

पण मला आठवते ती लक्ष्मणनंतरची पहिली होळी. हिराबाय पाटी घेऊन वाडीत गेली, माणसं नेहमीसारखी ओट्यांवर जमली. तिने त्या दारासमोर हाक घातली. मी मोजायला बोटं उघडली तर चारात संपली. दारातून लक्ष्मणची दुसरी बायको सूप घेऊन बाहेर आली आणि बोंबील निवडू लागली. हिराबाय पहिल्यांदाच तिथे पाटी उतरवून बसली.

"आज एवढीच?" मी हिरमुसून विचारलं.

"गिऱ्हाइकाला एवढी पुरते," ती म्हणाली आणि सुपात मोजून बोंबील टाकू लागली.