मागे राहिलेला शब्द

कॅनडातल्या रेजिना शहरात आमच्या महाराष्ट्र मंडळाचा मराठी वर्ग दर रविवारी माझ्या घराच्या बेसमेंटमध्ये भरतो. निवृत्त झाल्यावर हे काम मी हौसेने अंगावर घेतलं. मुलं आठ. एकेकट्याला वाचायला सांगितलं की माना खाली जायच्या, म्हणून सगळ्यांनी मिळून मोठ्याने वाचायचं असं ठरवलं. घोळक्यात कुणाची चूक कुणाला कळत नाही आणि जीभ सुटते.

त्यातली नऊ वर्षांची एक मुलगी नेहमी एक शब्द मागे असायची. सगळे थांबले की तिचा शेवटचा शब्द एकटाच ऐकू यायचा. आधी नुसतं पुटपुटणं होतं. दिवाळीनंतर तो खणखणीत यायला लागला. तो आल्याशिवाय बाकीची मुलं पान उलटत नसत. मला त्या शब्दाचं भारी कौतुक होतं.

मग गुढीपाडव्याचा कार्यक्रम आला. मुलांचं वाचन स्टेजवर ठेवलं होतं. तालमीला मंडळाचे अध्यक्ष आले, फोनवर शूटिंग करत.

"काकू, शेवटी ते एक्स्ट्रा काय येतंय? व्हिडिओमध्ये ऑड वाटतं. तिला फक्त ओठ हलवायला सांगा ना."

हा माणूस दरवर्षी माइक धरून 'आपली भाषा जगली पाहिजे' असा टाहो फोडतो. मला शिसारी आली. पण तोंडाने मी "बघते" म्हणाले, आणि बर्फात घालायचे बूट चढवत बसलेल्या त्या पोरीला बाजूला घेऊन गोड आवाजात तेच सांगितलं. त्या गोड आवाजाची मला आजही किळस येते.

"म्हणजे, प्रिटेंड करू?" तिने विचारलं.

"फक्त त्या दिवशी, बाळा."

कार्यक्रमात सगळे अगदी एकदम थांबले. टाळ्या पडल्या. तिची आई डोळे पुसत माझ्याकडे आली. "काकू, किती कॉन्फिडंट झाली हो ती! थँक यू सो मच." मी ते थँक यू निमूट घेतलं. वर दोन बटाटेवडेही खाल्ले.

पुढच्या रविवारी पुन्हा वाचायला बसलो. पान संपलं, मुलं थांबली. सवयीने कुणीच पान उलटलं नाही. आम्ही वाट बघत राहिलो. काहीच आलं नाही.

"तू वाचलं नाहीस का गं?" मी विचारलं.

ती खुशीत हसली. "आजी, आय ॲम सो गुड ॲट इट नाऊ. नोबडी कॅन टेल."