एक जरी डोकं सुटलं तर

"उजेडाकडे पाठ कर, अन् हालू नको."

हुडको कॉलनीतल्या आमच्या गल्लीत किती पोरींनी हे ऐकलं असेल, देव जाणे. समोरच्या काकू दर रविवारी दुपारी व्हरांड्यात बसायच्या. मांडीवर पांढरी उशीची खोळ, एका वाटीत खोबरेल, दुसरीत मिठाचं पाणी, हातात बारीक दातांची लाकडी फणी. ऊ सापडली की त्या नखावर मारत नसत, पाण्यात टाकत. "नखावर आवाज येते, पोरगी लाजते," म्हणायच्या.

काका इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर झाले आणि वर्षाच्या आत गेले. मुलगा हैदराबादला. घरात काकू आणि टीव्ही. आठवड्यातले सहा दिवस त्यांच्या फाटकाची कडी फक्त दूधवाल्यासाठी वाजायची. अशी घरं तुमच्याही गल्लीत असतील. आपण त्यांच्यासमोरून रोज जातो आणि "काय काकू, बरं हाय न?" एवढं विचारून उत्तर न ऐकता पुढे निघतो. मीही त्यातलीच.

रविवारी मात्र पाच-सहा पोरी रांगेत. शाळा-बाजार सगळा हिंदीत, त्यामुळे आमच्या पोरींची मराठी कशी ते तुम्हाला माहीतच आहे. कोणी विचारलं, "आजी, हो गया क्या?" तर काकू फणी थांबवायच्या. "मराठीत इचार, मंग सांगीन." मान अवघडलेली पोरगी मुकाट्याने म्हणायची, "आजी, झालं का?" उवांच्या निमित्ताने का होईना, गल्लीत मराठी टिकली.

काम झालं की पोरीचं तोंड स्वतःकडे वळवून काकू तिच्या डोक्याला डोकं लावायच्या आणि तशाच जरा वेळ राहायच्या. "टक्कर. आता जा खेळाले." पोरींना उवा काढून घेण्यापेक्षा ही टक्कर जास्त आवडायची. काकूंनाही.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. तिच्या उवा जात आणि पंधरा दिवसांत परत येत. शाळेच्या डायरीत बाईंनी दोनदा लिहून पाठवलं. मी जात्याच तापट, मला ते फार लागलं. काकू शांतपणे सांगायच्या, "औषधानं ऊ मरते, लीख नाई मरत. आठ दिवसानं परत लाव. अन् घरातल्या सगळ्यायचं डोकं एकाच दिवशी पाहा लागते. एक जरी सुटलं, तं परत हायेतच."

मी सगळं केलं. औषध दोनदा लावलं, उशांच्या खोळी उकळल्या. दुपारच्या बी शिफ्टला निघालेल्या नवऱ्यालाही धरून बसवलं. त्याला अर्धं टक्कल, तरी सोडलं नाही. उवा परत आल्या.

एका रविवारी मुलीला आणायला गेले, तेव्हा टक्कर चालू होती. ऊन काकूंच्या भांगावर पडलं होतं, आणि त्या भांगातून एक ऊ सावकाश माझ्या मुलीच्या केसांकडे निघाली होती.

मी मुलीचा हात धरला आणि घरी आले. बोलले ते संध्याकाळी शेजारणीजवळ, आणि तेही रागाच्या भरात. तिने चार घरी सांगितलं. माझी चूक ती हीच. काकूंजवळ बोलायचं ते मी सगळ्यांजवळ बोलले.

पुढच्या रविवारी एकही पोरगी गेली नाही. काकू खोळ अंथरून बसल्या होत्या. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून त्या सरळ दिसायच्या. त्यांनी फणी पुसली, वाटी जरा सरकवली, फाटकाकडे पाहिलं. ऊन व्हरांड्यातून उतरून गेलं तरी त्या बसूनच होत्या. मला माझीच लाज वाटली.

मंगळवारी मी गेले. फणी त्यांच्या हातून घेतली आणि म्हटलं, "काकू, उजेडाकडे पाठ करा."

"कावून वो?" त्यांनी विचारलं, पण पाठ केली.

अंबाडा सोडला. आत इतक्या उवा होत्या की माझा हात थांबला. काकू भिंतीकडे बघत म्हणाल्या, "खाजवे तं लय. पण कोनाले सांगू? लोकायच्या उवा काढनारी बाई मी. अन् सोताचं डोकं सोताले दिसत नाई न." मग मान आणखी खाली घालत, "हे गेल्यापासून माह्या डोक्याले कोनाचा हात लागला नाई."

घरातली सगळी डोकी पाहिली होती मी, नवऱ्याच्या टकलासकट. हे एक माझ्या मनातही आलं नव्हतं.

चार मंगळवार मी जात राहिले. डोकं साफ झालं. शेवटच्या दिवशी फणी ठेवली तशा त्या सवयीने माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. मी मागे सरले. विचार करून नाही, अंगच मागे गेलं. काकू हसल्या. "बरोबर हाये तुयं," म्हणाल्या आणि खोळीची घडी घालू लागल्या. ते मला अजून बोचतं.

पोरी काही परत आल्या नाहीत. उन्हाळ्यात मुलगा येऊन काकूंना घेऊन गेला. जाताना फणी त्यांनी माझ्याकडे दिली.

हैदराबादला त्या सहा वर्षं होत्या. तिथेच वारल्या, त्याच्या महिनाभर आधी त्यांनी नातवाकडून व्हिडिओ कॉल लावून घेतला. केस अगदी बारीक कापलेले. सुनेला विंचरायला वेळ होत नसावा.

"पोरगी कुठी हाये?"

"रायपूरला, शाळेच्या हॉस्टेलात."

"अन् तुयं डोकं कोन पाहते?"

"मला कुठे उवा आहेत, काकू?" मी हसून म्हटलं. नवरा ड्युटीवर होता, घरात मी एकटीच होते.

त्या हसल्या नाहीत. कपाळ पुढे आणत आणत त्यांनी ते फोनला टेकवलं. स्क्रीनवर नुसते पांढरे केस दिसत होते. मी ओट्याला टेकून उभी होते. मीही कपाळ फोनला लावलं आणि तशीच राहिले.

डोकं उचललं तेव्हा कॉल कट झालेला होता. कधी झाला, ते कळलं नाही.