एका कॉम्प्युटरातली सहा घरं

चहाची गाळणी कितीही धुवा, थोडी पत्ती तिच्यात राहतेच. आमच्या ऑफिसातले किस्से माझ्या डोक्यात तसेच अडकलेले आहेत. मी बोलतो कमी, त्यामुळे बाहेर पडायला त्यांना वाटही नाही. आज तुम्ही बसलाच आहात, तर ऐका.

ऑफिस राजापेठेत, दुसऱ्या मजल्यावर. लोकांच्या वेबसाईट बनवतात. शटर उघडणं, झाडणं आणि चहा ही माझी कामं. मालक चेतन सर, मूळ अकोल्याच्या धान्य व्यापाऱ्याच्या घरातले. त्यांच्या खालोखाल वैभव. चार वर्षं जुना, डिग्रीवाला, आणि चुकतो कधीच नाही. विचारा त्यालाच! तिसरी कल्याणी, भातकुलीची. बाप भाजी पिकवतो. तिला तीन महिन्यांच्या ट्रायलवर ठेवलं होतं. "टिकली तर टिकली, नाही तं लग्नाचं पाहू," असं बापानं सांगूनच पाठवलेलं. माझ्यासाठी ती घरून मेथीची जुडी आणायची. पोरगी टिकावी असं मला फार वाटे.

*

आमच्या एकाच कॉम्प्युटरात सहा वेबसाईट राहतात. कल्याणीनं मला सोपं करून सांगितलं, "काका, एका वाड्यात सहा बिऱ्हाडं. दरवाज्यावर ज्याच्या त्याच्या नावाची पाटी. पाटी नाही सापडली, तं पाहुणा पहिल्याच घरात घुसते."

वैभवनं एकदा पाटी लावली नाही. अकोल्याचे फुलवाले भाऊ आपली वेबसाईट बघायला आले. वयस्कर माणूस, डोक्यावर टोपी. समोर उघडली लग्न जुळवणाऱ्या मंडळाची वेबसाईट, कारण पहिलं घर तेच. ओळीनं मुलींचे फोटो!

भाऊ खुर्ची मागे सारत म्हणाले, "बाप्पा! माह्यं लगन होऊन तीस वर्षं झाले ना!"

वैभव म्हणतो, "भाऊ, फुलं शेवटी लग्नालेच लागतात ना. लॉजिक आहे त्यात."

*

त्याच भाऊंचा आठवड्यानं अकोल्याहून फोन आला. सांगितलेलं नाव मोबाईलवर टाकतो, पण काहीच उघडत नाही.

"मोबाईल जुना असेल," वैभव म्हणाला.

भाऊंनी नवीन घेतला. तरी उघडेना.

"अकोल्याचं नेटच तसं आहे."

कल्याणी हळूच म्हणाली, "दादा, ते नाव फक्त आपल्या या मशीनच्या यादीत लिहिलं हाये. अकोल्याले कसं माहीत पडन?"

"तू शांत बस. आधी शिकून घे."

भाऊ शेवटी बसनं अमरावतीला आले आणि नवीन मोबाईल वैभवच्या टेबलावर ठेवून म्हणाले, "घ्या, आता तुमीच ठेवा!"

*

सगळ्या घरांच्या पाट्या एकाच फाईलमध्ये लिहिलेल्या असतात, तिच्यात वैभवनं एकदा दिवसभर बदल केले. बदल केला की पान बघायचं, पान जुनंच दिसायचं. तो टेबलावर हात आपटायचा. सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केल्याशिवाय तो नवीन काही वाचत नाही, हे कल्याणीनं दोनदा सांगितलं.

"मले शिकवून राहिली काय?"

दुपारी लाईट गेली. आली तेव्हा मशीन आपोआप सुरू झालं आणि पान बरोबर उघडलं.

वैभवनं कॉलर ताठ केली. "पाहा काका, याले म्हणतात अनुभव!"

ज्याला अनुभव होता ती लाईट होती, आणि ती काही बोलत नाही.

*

फुलांच्या वेबसाईटची पाटी लावायला वैभवनं फाईलमधला तयार नमुना जसाच्या तसा उचलला होता. प्रत्येक ओळीपुढे दोन आडव्या, दोन उभ्या रेघांची जाळी, हॅश म्हणतात तिला. तीन दिवस काही चालेना.

तो खाली चौकात चहाला गेला. (माझा चहा त्याला चालत नाही.) कल्याणीनं मला स्क्रीन दाखवली. "काका, ही जाळी ज्या ओळीपुढे असते, ती ओळ मशीन वाचतच नाही. नुसतं पुढे जाते."

तिनं जाळ्या काढल्या, सर्व्हर पुन्हा सुरू केला. फुलं उघडली.

वैभव वर आला, बघितलं आणि म्हणाला, "चाललं ना? मी म्हटलंच होतं, वेळ लागते त्याले."

जाळीचं तिनं सांगायला तोंड उघडलं, तर म्हणाला, "डिझाईन असते ते!"

*

आता शेवटचा.

गुरुवारी सगळे जेवायला गेले होते. चेतन सर चप्पल काढून त्या मशीनपुढे बसले. त्यांच्या घराण्यात कोणतीही वही उघडली की पहिल्या ओळीवर श्री लिहायचा. सरांना वाटलं, इथं एवढी विघ्नं काहून? तर फाईलवर श्री नाही! त्यांनी टाईप केला, हात जोडले, मशीन बंद करून सुरू केलं आणि समाधानानं जेवायला गेले.

सहाही घरं बंद.

वैभवनं शुक्रवारभर डोकं धरलं आणि संध्याकाळी सरांना सांगितलं, "पोरीनंच काहीतरी केलं." सर कल्याणीला म्हणाले, "उद्या फुलवाले भाऊ येऊन राहिले. तोवर नाही चाललं, तं सोमवारी येऊ नको."

शनिवारी ती माझ्याआधी येऊन पायरीवर बसली होती. मशीन सुरू केलं. पहिल्या ओळीत चूक आहे, असं मशीन दोन दिवस स्वतःच लिहून दाखवत होतं. कोणी वाचलं नव्हतं.

"काका, पहिल्या ओळीत श्री हाये. कोणं लिहिला?"

मी बघितलं होतं. सांगितलं.

तिचा चेहरा उतरला. "खोडला तं सर मले ठेवत नाहीत. नाही खोडला तं मशीन चालत नाही."

"खोडू नको, माय," मी म्हणालो.

तिनं श्रीच्या अगदी पुढे कर्सर नेला. मग तिनं एकच बटण दाबलं, सर्व्हर सुरू केला. सहाही घरं उघडली.

दहा वाजता सर आले, मागून वैभव, त्याच्यामागून फुलवाले भाऊ. भाऊंची वेबसाईट झकास दिसली. भाऊ स्क्रीनकडे बघून हसले. पण सरांनी लगेच फाईल उघडायला लावली. श्री जागेवर होता, फक्त त्याच्यापुढे एक छोटी जाळी होती.

"हे पुढे काय काढलं?"

कल्याणीनं माझ्याकडे एकदा बघितलं. "रांगोळी हाये, सर."

सरांनी हात जोडले. डोळ्यांत पाणीच आलं त्यांच्या. "सोमवारी येशील. आता रोजच येशील."

मग ते वैभवकडे वळले. "चार वर्षांत तुले सुचलं नाही हे! बस, आता साऱ्या ओळींपुढे काढ."

वैभवनं खुर्ची ओढली आणि काढायला बसला.