द्वादशीची तुळस

डिसेंबरचा दुसरा शनिवार. अर्ध्या दिवसाचा पगार कापला जाणार होता, सहाशे ऐंशी रुपये. गॅलरीत हजर आम्ही तिघं: मी, बायको आणि आई.

दुसऱ्या शनिवारी बँकांना सुट्टी असते, तळोज्यातल्या आमच्या कारखान्याला नसते. माझ्या वर्षाच्या रजा आईच्या आजारपणातच संपल्या होत्या. शेजारी टॉवरचं काम निघाल्यापासून तिचा खोकला जात नाही. डॉक्टरांची औषधं ती घेते, पण रात्री डोळा लागतो तो तुळस आणि गवती चहाच्या काढ्यानेच. थंडीत कुंड्यांतली तुळस झडते, म्हणून आधीच तोडून वाळवून ठेवावी लागते. बाजारातली पावडर तिला चालत नाही. आणि ती झोपली नाही की भिंतीपलीकडे आम्हीही जागेच.

तुळस रविवारी तोडायची नाही, दिवस मावळल्यावर तोडायची नाही, आणि बायकांनी तर तोडायचीच नाही, हे आईचे नियम. मला सुट्टी फक्त रविवारी, आणि एरवी घरी येतो तो अंधारात. गेल्या वर्षी कंपनीची बस यायच्या आधी, पहाटे तोडली. पानांवर दव होतं. हाताला कोरडी लागली तशी बरणीत भरली आणि पंधरा दिवसांत बुरशी आली. सगळी टाकून दिली. म्हणून यंदा दव गेल्यावर, दहाच्या उन्हात तोडायची ठरवली. ही रजा त्यासाठी.

गच्चीवर सिमेंटची धूळ बसते, तेव्हा वाळवण आमच्याच पलंगावर, पंख्याखाली. बायकोने जुनी सुती साडी पसरली.

"आता चार रात्री आपण हॉलमध्ये," ती म्हणाली.

मी आंघोळ करून कुंडीपुढे बसलो, तोच आई आतून आली.

"अरे, आज द्वादशी. आज तोडत नाहीत."

"आई, काल सांगायचंस ना."

"काल साबुदाण्याची खिचडी दोनदा घेतलीस, तेव्हा एकादशी कळली होती की. तिच्या दुसऱ्या दिवशी काय असतं, तेही मीच सांगू?"

भांडायलाही अंगात जोर लागतो. भिंतीला टेकून तिथेच बसून राहिलो. बायकोने गवती चहा कापायला घेतला. त्याला तिथी लागत नाही. आई खोकत होती, मधे थांबून माझ्याकडे बघत होती.

"पडलेली पानं चालतात," बऱ्याच वेळाने ती म्हणाली.

"पडलीत किती? पाच-सहा."

ती काठी टेकत पुढे आली, झाडाच्या बुंध्याला धरलं आणि चांगलं गदागदा हलवलं. पानं, मंजिऱ्या फरशीवर पडल्या.

"तोल गेला माझा," ती म्हणाली.

"अजून तीन कुंड्या आहेत, आई," बायको म्हणाली. "सांभाळून हं."

तिन्ही कुंड्यांपाशी तिचा तोल गेला.

मी पानं वेचली. पातेलंभरही झाली नाहीत. वाळून संक्रांतीपर्यंत पुरतील, फार तर. पुढचं पुढे. आईने पदराच्या गाठीतून चूकभूल म्हणून एक रुपया काढून पहिल्या कुंडीच्या मातीत ठेवला. मी पानं साडीवर पसरून पंखा लावला आणि उरलेल्या अर्ध्या दिवसासाठी कारखान्यात गेलो.

महिनाअखेरीस सहाशे ऐंशी रुपये कारखान्याने कापले. तुळशीला गेला तो एक रुपया.