पत्रिकावाला सुपडू आणि त्याचे सगळे धंदे

परवा एका साखरपुड्यात कोणीतरी म्हणालं, "मास्तर, सुपडूचे किस्से लिहून काढा की एकदा!" लिहून काढा म्हणे! अकरा वर्षं मी त्या माणसामागे कीबोर्ड मांडीवर घेऊन टेम्पोत बसलो. कंबर गेली, केस गेले, आणि त्या जागी किस्से येऊन बसले. मी ते गोळा केलेले नाहीत. टेम्पोत धूळ येते तसे आले, आता झटकले तरी जात नाहीत. सांगतो, पण मधे चहा लागेल. फार वेळ बसलं की पाठ धरते माझी.

आधी माणूस सांगतो. सुपडू शिंदखेड्याकडच्या खेड्यातला. आईबाप लवकर गेले, थोरल्या भावाने वाढवला. त्यांना सगळे नाना म्हणायचे. घरी कपाशी, आणि सुपडूचा जीव ढोलकीत. ढोलकी घेऊन तो जळगावला निघाला तेव्हा नाना दारात उभे राहून म्हणाले, "तोंडनी वाफ विकीसन कोनं पोट भरस का? काही धंदा करी दाखाड, मंगच घर ये. आनि आपलं आडनाव त्या बाजाले लावू नको!"

त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद. सुपडूने कॅसेटवर आडनाव कधीच छापलं नाही, नुसतं 'सुपडू'. अख्ख्या खानदेशात गाजला, पानटपरीवर फोटो लागले, पण त्याला एकच गोष्ट पाहिजे होती. नानांनी घरी बोलवावं. त्याने जे जे धंदे काढले ते सगळे त्यासाठी. आणि त्या प्रत्येक धंद्याचं सामान उचललं कोणी? मी!

*

सुरुवात धुळ्याला झाली, एका लग्नात. भरदुपार, टळटळीत ऊन, आणि आमच्या बँडच्या गायकाचा घसा बसलेला. नवरीचे आजोबा स्टेजवर आले आणि म्हणाले, "गाणं ऱ्हाऊ द्या. पत्रिकामा जितला नावं शेत तितला बठ्ठा वाचा. एक जरी राहिनं तर भाऊबंद जेवाव नहीत."

आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे मतदारयादीच. काका, मामा, चुलतमामा, गावचे सरपंच, माजी सरपंच. सव्वाशेच्या वर नावं. गायक बाजूला सरला. ढोलकीवर सुपडू होता, त्याने पत्रिका गुडघ्याला टेकवली, ठेका धरला आणि जी सुरुवात केली! नावाला नाव जुळवत, यमकं पाडत, श्वास कुठे घेत होता देव जाणे. पाच मिनिटांत यादी साफ. मांडवाने वन्स मोअर दिला. पत्रिकेला वन्स मोअर!

नंतर एक म्हातारबा मागे आले आणि सुपडूचा हात धरून म्हणाले, "भाऊ, पुढल्या टायमाले मनं नाव जरासं हळू ले. मले समजनंच नही कव्हा गयं ते."

पुढे चार-पाच वर्षांनी टीव्हीवर रॅप आला. सुपडूने पाच मिनिटं बघितलं आणि टीव्ही बंद केला. "मास्तर, हाऊ तर पत्रिका वाची ऱ्हायना. नातेवाईक कमी शेत याले."

*

पहिली कॅसेट आम्ही जळगावात, मेहरूणला माझ्याच खोलीत रेकॉर्ड केली. भिंतींना गोधड्या, खिडकीला गादी, पंखा बंद, मे महिना. सहाव्या टेकला सगळं जमलं, आणि शेवटच्या कडव्यात रस्त्यावरून रावेरचा केळीचा ट्रक गेला. हॉर्न असा वाजवला की रेकॉर्डरची सुई पार टोकाला! सुपडू थांबला नाही. त्याने हॉर्नलाच "या या, रावेरचे पाहुणे!" म्हटलं आणि पुढे गेला.

मी म्हटलं, पुन्हा घेऊ. पण गोधड्यांमधून वाफ निघत होती, आणि आम्ही ती तशीच बाजारात सोडली. कॅसेट तुफान चालली. मला मात्र ते लागून राहिलं होतं. दुसऱ्या खेपेला मी हट्टाने सगळं नीट रेकॉर्ड केलं, हॉर्न काढून. महिनाभरात चोपड्यापासून साक्रीपर्यंतचे दुकानदार खोकी परत घेऊन आले. "मास्तर, ही डुप्लिकेट दिसते. हॉर्नवाली ओरिजिनल द्या!"

तेव्हापासून मी संगीतात सुधारणा करणं सोडून दिलं.

सुपडूने हॉर्नवाली एक कॅसेट एसटीच्या कंडक्टरजवळ नानांना पाठवली होती. निरोप आला, "टेप नही घरमा." सुपडूने मग टेप पाठवला. तो नानांनी ग्रामपंचायतीला देऊन टाकला.

*

मग धंदा निघाला फॅमिली कॅसेटचा. तुमच्या घराण्याची सगळी नावं, तुमच्या गावासकट, ठेक्यात. लोक रांगा लावत. अमळनेरच्या एका घरातले दोन भाऊ आले. दोघांचं एकच म्हणणं, पहिलं नाव माझं. वाडवडिलांपासूनचं भांडण, तीन तास माझ्या खोलीत चाललं. माझ्या बायकोने चारदा चहा केला, पाचव्यांदा पातेलं आपटलं.

शेवटी सुपडूने तोडगा काढला. ए साइडला थोरला आधी, बी साइडला धाकटा आधी. दोघे खुश, मिठ्या मारून गेले. मी म्हटलं, सुटलो.

आठ दिवसांनी परत दारात! मी विचारलं, आता काय? थोरला म्हणाला, "कॅसेट कपाटात ठेवताना कोणती साइड वर ठेवायची, ते तुम्ही सांगा."

*

केळी वेफर्सचा किस्सा सांगायलाच हवा. सावद्याहून केळी, माझ्या घरामागे कढई, पाकिटावर गॉगल घातलेला सुपडू. नाव 'सुपडू वेफर्स, एका दमात खल्लास'. तळायला आचारी ठेवला होता. तो सुपडूचा भक्त निघाला. सुपडूची कॅसेट लावून त्या ठेक्यात मीठ टाकायचा. कॅसेट फास्ट, मीठ भरपूर!

पहिलं पाकीट अर्थातच नानांना गेलं. यावेळी मात्र उलट टपाली निरोप आला. कंडक्टरने बसच्या दारातूनच ओरडून सांगितला, "नाना म्हनतस, मीठ जास्त शे!"

मला वाटलं आता हा खचणार. आणि हा तिथेच स्टँडवर मला मिठी मारून नाचायला लागला. "मास्तर, खाधं! नानानी खाधं!"

वेफर्स पावसाळ्यात सादळले आणि धंदा बसला. घरामागची ती कढई दोन वर्षं तिथेच होती. हलवायचं त्रासाचं काम कोणी करायचं?

*

शेवटी कपडे. मुंबईच्या एका कॅसेट कंपनीचा माणूस भेटून गेला आणि सांगून गेला की रॅप करणाऱ्याने ढगळ पँट घालायला पाहिजे, भरपूर खिशांची. सुपडूने धुळ्याच्या शिंप्याकडून एकदम दोनशे पँटा शिवून घेतल्या. एकेका पँटेला अकरा खिसे. कॉलेजची पोरं आली, बघून हसून गेली. "ही काय पँट आहे का कपाट?"

चार महिने गठ्ठे माझ्याच खोलीत. मी त्यांच्यावर झोपायचो, खोटं नाही सांगत. मग एक दिवस एक वायरमन आला. पक्कड एका खिशात, टेस्टर एका खिशात, तंबाखू, चुना, डबा... सगळं घालून बघितलं आणि दहा पँटा घेऊन गेला. पंधरवड्यात गठ्ठे संपले. त्या वर्षी जळगाव जिल्ह्यात खांबावर चढलेला प्रत्येक माणूस आमचा रॅपर दिसायचा.

सुपडूने नानांना एक पँट पाठवली. निरोप नाही, पँटही परत नाही. तो मला रोज विचारायचा, "मास्तर, घालत असतील का हो?" मी काय सांगणार? मी म्हणायचो, शेतात घालत असतील.

*

आता हा एक, आणि मग मी आडवा होतो.

पहूरचं लग्न. नवरीच्या मामाने आम्हाला ठरवलं होतं, मांडवात पत्रिका वाचायला. केळीवाले लोक, हौस मोठी. सुपडूची पद्धत अशी की पत्रिका टेम्पोत बसल्यावरच उघडायची. जळगाव सुटलं, त्याने पत्रिका उघडली आणि एकाच ओळीवर बोट ठेवून बसला. नेरी आली तरी बोट तिथेच. मी ती हातातून घेतली. नवरदेवाच्या बापाच्या जागी नानांचं नाव. सख्ख्या पुतण्याचं लग्न! काकांच्या रांगेत नानांचे चुलतभाऊ धनराज होते, भागवत होते. सुपडू नव्हता. पहूरवाल्यांचा काय दोष, आडनाव कुठे छापलंय त्याचं!

मी म्हटलं, "टेम्पो फिरवू. तुझा घसा बसला म्हणून सांगतो मी."

"नको. सुपारी घेतली आहे मास्तर. पोरीकडच्यांचं लग्न आहे, त्यांना कशाला त्रास?" आणि खिडकीकडे तोंड करून बसला. मला त्याची इतकी दया आली की कंबरेचं दुखणं विसरलो.

मांडवात नाना फेटा बांधून पहिल्या रांगेत. आम्हाला बघितलं आणि मान खाली घातली. सुपडू उभा राहिला. लोक मधेच येऊन म्हणत, माझ्या साडूचं नाव घुसडा, पण छापलेलं नाही ते तो कधी बोलला नाही, आणि छापलेलं कधी गाळलं नाही. त्या दिवशीही तसंच. नवरीकडचे संपले, नवरदेवाकडचे सुरू झाले. धनराज आले, भागवत आले, आणि श्वास न तोडता तो मामांवर जायला निघाला.

तेवढ्यात नाना उठले. काठी टेकत स्टेजवर आले, आणि सुपडूच्या हातातून माईक काढून घेतला. माझी बोटं थांबली. मनात म्हटलं, झालं, आता चारचौघांत अब्रू काढणार याची.

नानांनी पत्रिका हातभर लांब धरली. काकांची रांग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागले, रेशनच्या दुकानात नावं पुकारतात तशी, एकेक करून.

"धनराज."

"भागवत."

"सुपडू."

मग माझ्याकडे वळून ओरडले, "तू कसाले थांबना रे? वाजाड!" मी कसंबसं वाजवायला लागलो. नानांनी माईक आणि पत्रिका दोन्ही सुपडूच्या हातात कोंबली.

"पुढलं तू वाच. मना चष्मा घर ऱ्हाई गया."

पुढचं नाव एका मामाचं होतं, साधं तीन अक्षरांचं. ते सुपडूला तीनदा वाचावं लागलं.