सहानुभूतीची ओळ

"बेचाळीस!" सरांनी माझी गुणपत्रिका स्टाफरूममध्ये वर धरली. "लिनिअर अल्जेब्रात बेचाळीस, आणि बाईंना संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचंय!"

चहा पिणारे तिघे प्राध्यापक हसले. मी दारात उभी.

दादरच्या आमच्या कॉलेजात सर विभागप्रमुख. त्यांच्या शिफारसपत्राशिवाय माझा एम.एस्सी.चा अर्ज कुणी घेणार नव्हतं. शेवटचा दिवस तोच.

"ते दुसऱ्या वर्षाचे, सर. पान उलटा ना. तिसऱ्या वर्षी प्रॉबॅबिलिटीत एक्क्याण्णव आहेत. वर्गात पहिली."

पान उलटलं नाही. "पाया कच्चा आहे तुझा. पण तुमच्या लोकांना कुठे गुण लागतात?"

पुन्हा हसू. चहा पिता पिता.

आमच्याकडे रीत अशी: शिफारसपत्र विद्यार्थ्यानेच लिहायचं, सर खाली सही करतात. लाडक्यांचं मात्र ते स्वतः लिहितात. त्यांनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

"घे लिहून. गुण कमी असले तरी घरची परिस्थिती पाहून सहानुभूतीने विचार व्हावा."

घरची परिस्थिती त्यांना ठाऊकच नव्हती. बेचाळीस पडले त्या पेपरच्या आठ दिवस आधी बाबा परळच्या इस्पितळात वारले होते. सरांनी कधी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

आणि मी ती ओळ लिहिली. हो, लिहिली. सुवाच्य अक्षरात.

"आता मोठ्याने वाच. सगळ्यांना ऐकू दे."

वाचायला लागले. 'सहानुभूतीने'पाशी थांबले. पेन काढलं. ओळ खोडली. वर सरांच्याच तोंडी लिहिलं: दुसऱ्या वर्षी बेचाळीस, तिसऱ्या वर्षी एक्क्याण्णव, दोन्ही पेपर मीच तपासले.

"खरं आहे ना सर? सही करा."

"ती ओळ परत घाल. नाहीतर सही नाही."

"मग राहू द्या."

"बघा! माज बघा यांचा!"

अर्ज गेला नाही. वर्ष गेलं. चिंचपोकळीला घरी आई म्हणाली, "एक ओळच होती ना गं? टाकायची लिहून." ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सध्या लिनिअर अल्जेब्रा पहिल्या पानापासून सोडवतेय. शिफारसपत्र न मागता प्रवेशपरीक्षा घेणारी विद्यापीठं आहेत, तिथे बसणार. अर्जात बेचाळीस लिहीन, त्याचं कारण लिहिणार नाही. मुलाखतीत कुणी तो आकडा काढला, तर खडू मागेन. म्हणेन, हवं ते गणित विचारा. दया दाखवलीत, तर उठून येईन. आणखी एक वर्ष गेलं तरी.